आग जंगलाला, आरोप आदिवासींवर

फाल्गुन लागला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात साग, धावडा आणि मोई आपली पाने टाकू लागतात, आणि त्याच सुमारास वनखात्याच्या कचेऱ्यांतून पत्रके निघू लागतात. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा खात्याच्या दप्तरी आगीचा हंगाम. गावोगाव फलक लागतात: जंगलात विडी पेटवू नये, मोहाखालचा पाला जाळू नये, वणवा लावणाऱ्यास कारावास होईल. फलकाची भाषा सरकारी मराठी असते. ज्यांना उद्देशून तो लावलेला असतो त्यांच्यापैकी अनेकांच्या घरात गोंडी किंवा माडिया बोलली जाते. पुढे एप्रिल-मे महिन्यांत डोंगर धुमसू लागले की दरवर्षीचा निष्कर्ष दरवर्षीच्याच शब्दांत छापून येतो. मोहफुले वेचणाऱ्यांनी आणि तेंदूपत्ता तोडणाऱ्यांनी जंगल जाळले. सबब त्यांना जंगलापासून दूर ठेवणे हाच वनसंरक्षणाचा मार्ग होय.

अलीकडे ह्या जुन्या आरोपाला एक नवा जोडीदार मिळाला आहे. सभा-परिषदांतून, अहवालांतून आता असेही सांगितले जाते की वणवे वाढले ते हवामानबदलामुळे. पृथ्वीच तापली, तेथे बिचारा वनाधिकारी काय करणार? एका आरोपपत्रात आदिवासी गुन्हेगार, दुसऱ्यात आभाळ गुन्हेगार. ह्या दोहोंच्या मध्ये जो दीडशे वर्षे ह्या जमिनीचा मालक म्हणून मिरवत आला त्या शासनाचे नाव मात्र कोठेच नाही. समाजवादी कार्यकर्त्याने ही चलाखी ओळखली पाहिजे. वणव्याचा प्रश्न हा शहरी निसर्गप्रेमींचा छंद आहे, आपला प्रश्न जमिनीचा आणि मजुरीचा, असे समजून त्याकडे पाठ फिरवणाऱ्या कार्यकर्त्यांची संख्या आजही थोडी नाही. वस्तुतः हा प्रश्न जमिनीचा आणि मजुरीचाच आहे.

प्रथम आगीचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. ह्या भागातील जंगल कोरडे पानगळीचे. येथील वणवा कॅलिफोर्नियातल्यासारखा झाडांच्या शेंड्यांवरून धावत नाही. तो जमिनीवरून सरपटतो. वाळलेला पाला, गवत, सुकलेला बांबू हे त्याचे खाद्य. मोठा साग वा ऐन त्यातून सहसा वाचतो. मरतात ती रोपे, भाजते ती मातीवरची कुजकट आणि जळते ते बी. वरवर पाहणाऱ्याला पावसाळ्यानंतर जंगल पुन्हा हिरवे दिसते. परंतु जेथे दरवर्षी आग जाते तेथे पंचवीस-तीस वर्षांनी म्हातारी झाडे तेवढी उभी असतात, त्यांच्याखाली पोर नसते. विजेने लागणारी आग ह्या भागात अपवादानेच. बहुतेक आग माणूस लावतो, हे निर्विवाद आहे. प्रश्न एवढाच की कोणता माणूस, कोणासाठी आणि कोणत्या व्यवस्थेत.

भारतीय वनसर्वेक्षण संस्था उपग्रहाच्या साहाय्याने तापलेले ठिपके मोजते आणि त्याची सूचना वनरक्षकाच्या भ्रमणध्वनीपर्यंत पोचवते. नोव्हेंबर 2020 ते जून 2021 ह्या काळात देशभर असे 3 लाख 45 हजार 989 ठिपके नोंदले गेले आणि गडचिरोली हा त्या वर्षी देशातील अग्रक्रमाच्या जिल्ह्यांत होता. पुढे 2023-24 मध्ये देशाचा आकडा 2 लाख 3 हजार 544 वर आला. पहिला आकडा आला तेव्हा हवामानबदलाचा गजर झाला. दुसरा आला तेव्हा खात्याच्या कार्यक्षमतेचा. दोन्ही निष्कर्ष उतावळे होत. ठिपका म्हणजे क्षेत्र नव्हे. एकाच वणव्याचे अनेक ठिपके पडू शकतात, आणि लहान आग उपग्रहाच्या नजरेतून निसटूही शकते. एखाद्या वर्षीच्या अवकाळी पावसाने सबंध हंगामाचा हिशेब बदलतो. चार-पाच वर्षांच्या आकड्यांवरून शतकाचा कल सांगणारा माणूस शास्त्रज्ञ नसतो, प्रसिद्धी-अधिकारी असतो.

आता इतिहासाकडे वळावे. आगीला गुन्हा ठरवण्याची ही कल्पना ह्या भूमीतली नव्हे. 1864 साली डिट्रिख ब्रँडिस हा जर्मन वनशास्त्रज्ञ हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. त्याच सुमारास मध्य प्रांतातील बोरीच्या जंगलात कर्नल पिअर्सन ह्याने आग पूर्णपणे बंद ठेवण्याचा पहिला मोठा प्रयोग केला. त्या वेळचा चांदा जिल्हा ह्याच मध्य प्रांतात होता. रेल्वेच्या रुळांखाली घालायला साग हवा होता. सागाचा एकेक खोड सरकारच्या खतावणीत रुपयांत मांडला गेला. तेव्हा त्याच्या आसपास चुलीसाठी, शिकारीसाठी, गवतासाठी वा शेतासाठी काडी लावणारा माणूस आपोआप सरकारी मालमत्तेचा शत्रू ठरला. 1878 च्या कायद्याने जंगल राखीव झाले, 1927 च्या कायद्याने ती चौकट पक्की झाली, आणि स्वातंत्र्यानंतर जमीनदाऱ्या व मालगुजाऱ्या नष्ट झाल्या तेव्हा अहेरीसारख्या विस्तीर्ण जमीनदारीतील जंगलही लोकांकडे न जाता त्याच चौकटीत, वनखात्याच्या ताब्यात गेले. जमीनदार गेला, त्याच्या जागी खाकी गणवेशातला जमीनदार आला, असे त्या काळचे वृद्ध म्हणत असतील तर त्यांना दोष देता येणार नाही.

1927 चा हा कायदा आजही जिवंत आहे. त्याचे 26 वे कलम कार्यकर्त्यांनी मुळातून वाचावे असे आहे. राखीव जंगलात आग लावणे हा त्यात गुन्हा आहे, हे ठीक. परंतु त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमाने राज्य सरकारला असा अधिकार दिला आहे की जाणूनबुजून वा घोर निष्काळजीपणाने आग लागली, तर त्या जंगलातील चराईचे आणि वनोपजाचे सगळे हक्क सरकारला वाटेल तितक्या मुदतीपर्यंत स्थगित करता येतील. आग एकाने लावावी, शिक्षा गावाने भोगावी! ह्याला सामुदायिक दंड म्हणतात, आणि तो परकीय सत्तेच्या हत्यारांपैकी एक जुने हत्यार आहे. दुसरीकडे 79 वे कलम म्हणते की जंगलात कोणताही हक्क उपभोगणाऱ्या प्रत्येक माणसाने आग विझवायला धावून गेलेच पाहिजे. ह्या कलमात मजुरीचा शब्द नाही. हक्क स्थगित करताना गावकरी संशयित, आणि आग विझवताना तोच गावकरी विनामोबदला सेवक. वेठबिगार नष्ट झाली असे मानणाऱ्यांनी ही दोन कलमे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

बरे, ही आगबंदी शास्त्रशुद्ध तरी होती काय? ह्याची साक्ष खुद्द साम्राज्याच्या वनाधिकाऱ्यांनीच दिलेली आहे. 1896 साली स्लेड नावाच्या अधिकाऱ्याने ‘इंडियन फॉरेस्टर’ ह्या खात्याच्याच नियतकालिकात ब्रह्मदेशात अग्निसंरक्षणाचा अतिरेक होत असल्याची तक्रार केली. सागाच्या ओल्या जंगलांतून आग हद्दपार केल्यावर सागाची नवी रोपे येईनाशी झाली होती. बांबू आणि इतर झाडोरा सागाच्या रोपांना गिळून टाकत होता. पुढे बंगाल-आसामच्या साल जंगलांतही हाच अनुभव आला आणि नियंत्रित जाळणी मान्य करणे खात्याला भाग पडले. अमेरिकेत तर 1935 साली असा हुकूम निघाला की कोणतीही आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. चाळीसेक वर्षे तो पाळला गेला. तेथील आदिम जमाती शतकानुशतके थंडीच्या दिवसांत थोडे थोडे रान जाळत. त्यांना त्या जमिनीवरून हुसकावून लावण्यात आले होते. परिणामी जळाऊ काडीकचरा साचत गेला, आणि आज त्याच सार्वजनिक जंगलांतून उठणाऱ्या आगी शहरे गिळत आहेत. 2018 साली कॅलिफोर्नियातील पॅराडाइझ हे गाव बेचिराख झाले, 85 माणसे मेली. त्या आगीची ठिणगी एका खाजगी वीज कंपनीच्या जीर्ण तारांतून पडली होती आणि 2020 मध्ये त्या कंपनीने न्यायालयात मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला. तापमानवाढीने रान वाळवले, शासकीय हट्टाने सरण रचले आणि नफेखोरीने काडी लावली. कारणांची ही साखळी एकसंध आहे; तिच्यातली एकच कडी उचलून दाखवणे म्हणजे उरलेल्यांना सोडून देणे होय.

ह्यावरून आग ही चांगलीच असते असा उलटा निष्कर्ष काढणेही चूक ठरेल. आदिवासी करतो ते सगळे शहाणपणाचेच, असे मानणारा एक भाबडा संप्रदाय डाव्या चळवळीतही आहे. त्याचा येथे उपयोग नाही. माघात, दव असताना, लहान तुकड्यात लावलेली मंद आग आणि वैशाखात, 45-46 अंशांच्या पाऱ्यात, वाऱ्यावर सुटलेली आग ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाचसात वर्षांतून एकदा जाणारी आग आणि दरवर्षी त्याच जागी जाणारी आग ह्याही वेगळ्या. कर्नाटकातील बिळिगिरिरंगन डोंगरातील सोलिगा आदिवासी अशी लवकरची, पाल्याची आग वापरत. 1974 साली तेथे अभयारण्य झाले, आग बंद झाली आणि घाणेरीच्या झुडपांनी रान व्यापले. आगबंदीमुळेच घाणेरी फोफावली, असे सोलिगा वृद्धांचे म्हणणे. भरत सुंदरम आणि अंकिला हिरेमठ ह्या शास्त्रज्ञांनी ते गांभीर्याने ऐकले आणि घाणेरी व आग एकमेकींना कशा पोसतात ह्याचा विचार मांडला. कारण घाणेरी एकदा माजली की तिच्यात शिरणारी आग ही जुनी मंद आग राहत नाही. शास्त्र येथे फलकासारखे एका ओळीत बोलत नाही. ते विचारते: कोणत्या महिन्यात, किती वर्षांनी, किती उंच ज्वाळेने आणि कोणाच्या देखरेखीखाली?

शास्त्रज्ञाने लोकांना विचारले तर काय हाती लागते ह्याचे दुसरे उदाहरण माधव गाडगीळ ह्यांच्या कामात आहे. 1975 च्या सुमारास कर्नाटकातील बांबू का नष्ट होतो आहे ह्याचा अभ्यास त्यांच्याकडे आला. खात्याचे उत्तर तयार होते: गावकरी आणि त्यांची गुरे. प्रत्यक्षात असे आढळले की बेटांची गर्दी कमी व्हावी म्हणून खातेच बेटांच्या बुडाचे काटेरी कुंपण तोडून टाकत होते, त्यामुळे कोवळे कोंब गुराढोरांच्या आणि रानटी जनावरांच्या तोंडी जात होते. ही गोष्ट गावकऱ्यांना ठाऊक होती. त्यांना कोणी विचारले नव्हते. कागद गिरण्यांना हा बांबू त्या काळी टनाला रुपया-दीड रुपया अशा नाममात्र दराने मिळत होता आणि बुरुडाला तोच बांबू बाजारात कितीतरी पटींनी महाग पडत होता. चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूरच्या कागद गिरणीची भूकही अशाच दीर्घ मुदतीच्या करारांवर भागवली गेली. जंगलाची नासाडी मोजताना बुरुडाची मोळी दिसते, गिरणीचे मालट्रक दिसत नाहीत. ही दृष्टी खात्याला वारशाने मिळालेली आहे.

आता तेंदूपत्त्याचे अर्थशास्त्र. वणव्याच्या चर्चेत हा भाग सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा आहे. विडीला कोवळे, मऊ, डाग नसलेले पान लागते. असे पान तेंदूच्या जुन्या झाडाला नव्हे तर नव्या धुमाऱ्यांना येते. धुमारे फुटण्यासाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपे बुडाशी छाटावी लागतात. छाटणीला माणसे लागतात, माणसांना मजुरी द्यावी लागते. काडीपेटीला मजुरी द्यावी लागत नाही. आग गेली की तेंदू मुळापासून पुन्हा फुटतो आणि ठेकेदाराचा छाटणीचा खर्च वाचतो. महाराष्ट्रात तेंदूच्या प्रमाण गोणीत 1,000 पुडे असतात आणि पुड्यात 70 पाने. म्हणजे एका गोणीसाठी सत्तर हजार पाने हाताने खुडायची, मोजायची आणि बांधायची. काम पंधरा-वीस दिवसांचे, मजुरी पुड्याच्या हिशेबाने. ज्या कुटुंबाच्या वर्षाच्या रोकडीचा मोठा वाटा ह्या पंधरा दिवसांत मिळायचा असतो, त्याला पान लवकर आणि एका जागी दाट हवे असते. मोहाचेही तसेच. रात्री गळलेली फुले पहाटे वेचायची, आणि पाल्यात ती दिसत नाहीत. पाला झाडून काढायचा म्हणजे बाईचा अर्धा दिवस, ज्याची किंमत कोणत्याही हिशेबात धरली जात नाही. झुडपात नजर पोचावी हेही एक कारण असते, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. 10 मे 2025 रोजी चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या.

तेव्हा आग लावणारा हात अनेकदा गावातलाच असतो, हे मान्य करण्यास समाजवाद्याने कचरू नये. परंतु त्या हाताला काडी देणारी रचना कोणती? जंगलाचा एक घटक एका हंगामासाठी लिलावात घेणाऱ्या ठेकेदाराचा त्या भूमीशी संबंध जूनमध्ये संपतो. पुढच्या वर्षी तेथे तेंदू राहील की नाही, चारोळीची रोपे वाढतील की नाही, नाल्याचे पाणी मार्चपर्यंत टिकेल की नाही, ह्याच्याशी त्याला कर्तव्य नाही. नफा ह्या वर्षीचा आणि त्याचा. नुकसान पुढच्या वीस वर्षांचे आणि गावाचे. आगीचा खर्च जो करत नाही त्यालाच आगीचा लाभ मिळतो, अशी ही व्यवस्था आहे. अशा व्यवस्थेत फलक लावून वणवे थांबतील असे मानणे हा अर्थशास्त्राचा अपमान आहे. पाठ्यपुस्तकी अर्थतज्ज्ञ ह्यावर गॅरेट हार्डिनचा 1968 चा निबंध पुढे करतील: जे सर्वांचे ते कोणाचेच नाही, म्हणून ते नष्ट होते. पण चांदा जिल्ह्याचे जंगल सर्वांचे होतेच कधी? 1878 पासून ते सरकारचे होते. निस्ताराच्या नावाखाली लोकांना सरपण-गवताची मुभा मिळाली, मालकी नव्हे. गावाने रांगेत उभे राहायचे आणि लिलाव नागपूर-मुंबईत व्हायचा. लोकांच्या हातून निर्णय काढून घ्यायचा आणि मग त्यांना जबाबदारीची जाणीव नाही म्हणून ओरडायचे, ह्याला शोकांतिका म्हणणे म्हणजे दरोड्याला अपघात म्हणणे आहे.

ह्याचा प्रतिपुरावा ह्याच दोन जिल्ह्यांत आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपल्या सामुदायिक जंगलाचे संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ह्या गोंड गावाला 2009 साली सुमारे 1,810 हेक्टर जंगलावर हा हक्क मिळाला. 1980 च्या दशकात इंचमपल्ली-भोपालपटनम धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले, त्या मंथनातून हे गाव घडलेले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्याची घोषणा देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ह्यांच्यामुळे महाराष्ट्रभर पोचली. तरीही स्वतःचा बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्याचे पुस्तक हाती यायला 27 एप्रिल 2011 उजाडावा लागला, आणि त्यासाठी केंद्रीय मंत्री व मुख्यमंत्री ह्या दोघांना गावात यावे लागले. हक्क कागदावर मिळणे आणि हातात मिळणे ह्यांत दोन वर्षांचे अंतर होते.

त्याहून बोलके उदाहरण चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावचे. 2012 साली ह्या गावाला हजार हेक्टरांच्या आसपास जंगलावर सामुदायिक हक्क मिळाला. गावाने बसून नियम केले, आणि पहिल्या मोठ्या निर्णयांपैकी एक असा: तेंदूपत्ता तोडायचा नाही. तेंदूसाठी फांद्या तोडाव्या लागतात, आग लावली जाते. त्यापेक्षा तेंदूची फळे माणसांनी, पाखरांनी, अस्वलांनी खावीत आणि गावाने बांबूवर पोट भरावे. हाती येणारी रोकड सोडून देण्याचा हा निर्णय कोणत्या वनसंरक्षकाच्या पत्रकाने झाला नाही. ज्यांना पुढची वीस वर्षे त्याच रानात काढायची आहेत, आणि ती काढता येतील असा कायदेशीर भरवसा ज्यांना मिळाला आहे, त्यांनी केलेला हा हिशेब आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्या विदुषीला 2009 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते सामायिक साधने लोक स्वतः नियम करून कशी टिकवतात हे जगभरच्या उदाहरणांतून दाखवल्याबद्दल. पाचगाव तिच्या पुस्तकात नाही, पण शोभले असते.

गडचिरोलीत आज चौदाशेच्या आसपास ग्रामसभांना सामुदायिक वनहक्क मिळालेले आहेत. देशात इतका पल्ला गाठलेले जिल्हे मोजकेच. म्हणून सर्व काही सुरळीत झाले असे मात्र नाही. 2013 नंतर अनेक ग्रामसभा एकत्र येऊन तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या. चांगल्या वर्षी त्यांना पूर्वी कल्पनेतही नसलेला भाव मिळाला, आणि मंदीच्या वर्षी ठेकेदारांनी पैसे थकवले. काही ग्रामसभांत ठेकेदार तोच, दलाल तेच आणि म्हणून आगही तीच. हक्कपत्राने जंगलाची राखण आपोआप होत नाही. त्यामागे संघटना लागते. ती उभी करणे हे खात्याचे काम नव्हे, कार्यकर्त्याचे आहे, आणि येथे आपल्या चळवळीचा जमाखर्च फारसा अभिमानास्पद नाही. 2009 ते 2012 ह्या काळात दावे भरण्यासाठी जेवढी धावपळ झाली, तिच्या दशांशही पुढे व्यवस्थापन आराखड्यांसाठी झाली नाही.

राहिला हवामानाचा प्रश्न. तो खोटा नाही. केंद्र सरकारच्या 2020 च्या आढाव्यानुसार 1901 ते 2018 ह्या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे 0.7 अंश सेल्सिअसने वाढले. तापलेली हवा पाल्यातली ओल लवकर शोषून घेते, आगीचा हंगाम लांबतो, आणि पूर्वी नाल्यापाशी विझणारी आग नाला ओलांडते. परंतु ह्या तापमानवाढीत मोह वेचणाऱ्या गोंड बाईचा वाटा किती? चंद्रपूरचे 2,920 मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आणि त्याला कोळसा पुरवणाऱ्या खाणी ह्याच जिल्ह्यात आहेत. वीज राज्याच्या जाळ्यातून पुण्या-मुंबईकडे जाते. राख, धूर आणि ऊन येथे राहते. हवामानबदल हा कोणाच्या तरी उपभोगाचा आणि कोणाच्या तरी नफ्याचा परिणाम आहे हे विसरून त्याला दैवी कोप मानणारी भाषा सत्ताधाऱ्यांना सोयीची असते, कारण दैवाकडून कोणी भरपाई मागत नाही.

हीच भाषा आता जमीन बळकावण्यासाठी वापरात येत आहे. ऑक्टोबर 2023 च्या हरित-पत योजनेने ‘अवनत’ वनजमिनीवर झाडे लावून कंपन्यांना श्रेय मिळवता येते. अवनत कोणती? बहुधा तीच, जी वारंवार जळाली, आणि जिच्यावर गावाची गुरे चरतात. 1974 साली स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाने मिश्र जंगल तोडून सागाच्या रांगा लावल्या तेव्हाही हेच तर्कशास्त्र होते. सागाच्या एकसुरी लागवडीखाली फेब्रुवारीत मोठाल्या, कोरड्या पानांचा जो थर साचतो तो वणव्याला आवतण देणारा असतो. 2022 च्या नियमांनी वनजमीन देताना ग्रामसभेची संमती घेण्याची पूर्वअट केंद्राने स्वतःच्या खांद्यावरून उतरवली. 2023 च्या दुरुस्तीने नक्षलग्रस्त म्हणवल्या जाणाऱ्या भागांत काही प्रकल्पांसाठी पाच हेक्टरांपर्यंतची जमीन वनसंवर्धन कायद्याच्या बाहेर काढली. सुरजागडच्या लोहखनिजाचा पट्टा 2007 साली 348 हेक्टरांचा दिला गेला. 2025 मध्ये त्याच परिसरात खनिज-शुद्धीकरणासाठी आणखी 900 हेक्टरांहून अधिक वनजमिनीला तत्त्वतः मंजुरी मिळाली, आणि लाखाहून अधिक झाडे तुटणार आहेत. गावकऱ्याची आग दप्तरात ‘नुकसान’ म्हणून लिहिली जाते, कंपनीची कुऱ्हाड ‘वळतीकरण’ म्हणून.

आणि ज्या आगीबद्दल एवढा कळवळा, ती विझवणाऱ्यांचे काय? 8 एप्रिल 2021 रोजी शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात, नागझिऱ्याच्या जंगलात वणवा विझवताना तीन वनमजूर जळून मेले, दोघे गंभीर भाजले. आग विझवायला जाणारा मजूर बहुधा चार महिन्यांचा रोजंदार असतो. हातात ओली फांदी किंवा पाला उडवण्याचे यंत्र, पायात रबरी चप्पल. केंद्रीय पर्यावरण मंत्रालय आणि जागतिक बँक ह्यांच्या 2018 च्या अहवालाने वणव्यांमुळे देशाचे होणारे वार्षिक नुकसान किमान 1,100 कोटी रुपये धरले होते. त्याच सुमारास वणवा-प्रतिबंधाच्या केंद्रीय योजनेची तरतूद सबंध देशासाठी वर्षाला पन्नास कोटींच्या आसपास होती. जंगल राष्ट्राची संपत्ती आहे असे म्हणायचे आणि तिच्या राखणीसाठी नुकसानीच्या वीस-बाविसाव्या हिश्शाइतकाही पैसा द्यायचा नाही. तोही ग्रामसभेच्या हाती नव्हे, खात्याच्या.

तेव्हा मागण्या स्पष्ट हव्यात. 26 व्या कलमातील सामुदायिक दंडाची तरतूद रद्द झाली पाहिजे. सामुदायिक हक्क असलेल्या जंगलात जाळरेषा कोठे घ्यायच्या, कोणता तुकडा कोणत्या महिन्यात जाळायचा आणि कोणता दहा वर्षे अजिबात जाळायचा नाही, हे ग्रामसभेने ठरवावे; शास्त्रज्ञाने आणि वनरक्षकाने तेथे सल्लागार म्हणून बसावे. आगीच्या हंगामातील राखणीचा पैसा थेट ग्रामसभेच्या खात्यात यावा, आग विझवणाऱ्याला बारमाही मजुरीचा दर, बूट आणि विमा मिळावा, आणि मृत्यू आला तर वनरक्षकाच्या कुटुंबाला मिळते तेच मजुराच्या कुटुंबाला मिळावे. ह्यातले काही शासनाकडून झगडून घ्यावे लागेल. तेंदूचा प्रश्न मात्र शासनाची वाट पाहत बसण्याचा नाही. ग्रामसभांच्या लिलावांचे करार उन्हाळ्याच्या आधी होतात. त्या करारात छाटणीची मजुरी ठेकेदाराने आगाऊ जमा करावी, आणि ज्या कक्षात आग जाईल तेथील पानाची अनामत जप्त व्हावी, ही दोन कलमे घालून घेण्यासाठी मंत्रालयाची परवानगी लागत नाही. कोरची, धानोरा, एटापल्ली, गोंडपिपरी ह्या तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी संक्रांतीपूर्वी गावोगाव बसून हा मसुदा तयार ठेवला, तर येत्या हंगामातच त्याची परीक्षा होईल.